पंचविसाला एक

लिहून ठेवणार : बलभीम धोंडीबा वाकुरे, वय चौसष्ट, धंदा आधी झाडं तोडणं आणि आता ओट्यावर बसून खोकणं, राहणार बेंबळी, तालुका व जिल्हा धाराशिव.

हे मृत्युपत्र मी माझ्या अकलेनं आणि माझ्या हातानं लिहीत आहे. दारू मी पीत नाही. मला कुणी धाक घातलेला नाही, आणि धाक घालील असं माणूस या घरात एकच आहे, माझी बायको तुळजाबाई. ती आत भाकरी थापत आहे. फुप्फुसांचं डॉक्टरांनी तोंडावर सांगून टाकलं, त्यामुळं पुढच्या उन्हाळ्याची मी वाट बघत नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं असतं तर ते माझा मुलगा सुरज याच्या नावानं झालं असतं, आणि तो माझ्याआधी गेला.

धाराशिवच्या वकीलबाईंनी नमुना दिला आणि म्हणाल्या, "काका, मिळकत तेवढी लिहा, बाकीचं घरात बोला." बाई हुशार आहेत, पण त्यांना जावई नाही. मिळकत लिहायला मला पाऊण पान लागलं. घरात जे बोलता येत नाही तेच बाकीच्या पानांवर लिहिलं आहे, आणि ते मिळकतीइतकंच पाळावं.

एक) राहतं घर, पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं ओटा, मागं न्हाणी. हे माझ्या पश्चात तुळजाबाईचं. ती आहे तोवर तिला कुणी "आमच्याकडं चला" म्हणून उठवू नये. ती जाणार नाही, उगाच भांडण होईल. तिच्यानंतर घर माझी मुलगी मंजुषा हिचं, एकटीच्या नावावर.

दोन) माळावरची एक एकर. पूर्वेला ओढा, पश्चिमेला सिद्रामप्पांचा बांध, बाकी दोन्ही बाजूंना दगड. तीही तुळजाबाईला आणि मग मंजुषाला. त्यात मी लिंबाची रोपं लावली होती. लोक हसले, म्हणाले, आयुष्यभर तोडली अन् आता लावतोय. त्यातली तीन जगली आहेत, तीही जगल्यासारखी दिसत नाहीत. असू द्यावीत.

तीन) पोस्टात जे काही आहे ते तुळजाबाईचं. त्यात माझ्या तेराव्याचा खर्च बसतो. गोड करू नये. मला ते आवडत नव्हतं आणि गावाला माझ्या जाण्याचा एवढा आनंद होण्याचं कारण नाही.

चार) हत्यारं. कुऱ्हाडी, दोर, लाकडी पाचरी ज्याला हव्या त्यानं न्याव्यात. साखळी घासायच्या कानशी मात्र मंजुषाच्या. शाळेत असताना दप्तर टाकलं की ती चेनसॉची साखळी मांडीवर घेऊन बसायची आणि एकेक दात घासायची. सुरजला तेवढा धीर नव्हता. "ताई, तू घास, मी चालवतो," म्हणायचा. तिनं घासलेली साखळी लाकडात अशी उतरायची की भुसा नाही, कीस पडायचा. तेरला सासरी दिल्यापासून तिच्या हातात कानस कुणी दिली नाही.

पाच) आता मशीन. चेनसॉ एक, चालू, पेट्रोलची, चिनी बनावटीची पण इमानदार. हिचं काय करायचं यावर मी तीन कागद फाडले आहेत. म्हणून आधी हे सांगतो की मी का फाडले.

माझे जावई अमरसिंह, राहणार तेर. माणूस वाईट नाही. पोरीवर हात उचलत नाहीत, कामाला वाघ आहेत, बोलायला गोड आहेत. मला दम लागायला लागल्यापासून झाडतोडीचं काम तेच करतात आणि माझीच मशीन वापरतात. दर बाजारच्या दिवशी ते मोटारसायकलवर येतात. मी पेट्रोलमध्ये तेल मिसळून पांढरा डबा भरून ठेवलेला असतो, तो घेऊन जातात. स्वतः ते मिसळत नाहीत, आणि मी मिसळू देत नाही. का, तर त्यांची मिसळण्याची रीत मी एकदा बघितली आहे. तेलाची बाटली डब्यावर पालथी केली, तोंडानं "एक, दोन" म्हणाले आणि बाटली सरळ केली. म्हणाले, "झालं मामा." भाजीला फोडणी देतानासुद्धा माणूस त्याहून जास्त बघतो.

तेव्हा मी काहीच बोललो नाही. जावयाला तोंडावर बोलायची आमच्यात रीत नाही. ताट वाढायचं, टॉवेल द्यायचा, जाताना नारळ द्यायचा. तो विहिरीत पाय टाकत असला तरी "सांभाळून हं पाव्हणं" एवढंच म्हणायचं. मंजुषानं मात्र त्यांना सांगितलं, मी ऐकलं आहे. ते हसून म्हणाले, "आता बाईमाणसानं मला मशीन शिकवायची व्हय?" ती गप्प बसली. तिचा तो गप्प चेहरा मला झोपू देत नाही.

म्हणून मेल्यावर बोलतो. मेलेल्या सासऱ्याचा राग धरता येत नाही. जावईबापू, पुढचं कलम तुम्ही स्वतः, मोठ्यानं, सगळ्यांसमोर वाचायचं आहे. ही माझी अट आहे, आणि ती पाळली जाईल अशी मला खात्री नाही.

सहा) या मशीनच्या इंजिनाला वेगळी तेलाची टाकी नाही. साखळीचं तेल निराळं, ते साखळी ज्या पट्टीवर फिरते तिच्यापुरतं. आत पिस्टन वरखाली होतो त्याला पेट्रोलबरोबर जाईल तेवढंच तेल मिळतं. मोटारसायकलला खाली वेगळं ऑइल असतं, हिला नसतं. पेट्रोलात तेल नसेल तर पिस्टन कोरडा घासतो, तापतो, फुगतो आणि सिलिंडरला धरतो. मग मशीन जिथं असेल तिथं बंद. अर्ध्या झाडात असेल तर अर्ध्या झाडात.

प्रमाण किती? तुम्हाला दुकानदारानं सांगितलं, पन्नासला एक, सगळ्याला चालतं. मोबाइलमधल्या माणसानं सांगितलं, चाळीसला एक. गॅरेजवाल्यानं सांगितलं, एक टोपण टाका आणि देवाचं नाव घ्या. तिघंही झाडाखाली उभे राहणार नाहीत. पन्नासला एक खोटं नाही, पण ते चांगल्या कंपनीच्या मशीनला आणि त्याच कंपनीच्या तेलाला. आपल्या मशीनच्या टाकीच्या झाकणावर कोरून लिहिलंय, पंचविसाला एक. म्हणजे पंचवीस भाग पेट्रोल, एक भाग तेल. एक लिटरला चाळीस मिली. माझ्या खोकल्याच्या औषधाबरोबर मापाचं टोपण येतं, ते दहा मिलीच्या खुणेपर्यंत चार वेळा भरायचं. अशी टोपणं घरात ढीगभर आहेत, मी मेल्यावर सगळी तुमची.

तेल टू-टीच पाहिजे, पेट्रोलात मिसळायचं म्हणून दुकानात मिळतं ते. मोटारसायकलचं काढलेलं काळं ऑइल नको, तुम्ही ते एकदा आणलं होतंत, मी गुपचूप बिजागऱ्यांना घातलं. तेल आधी थोड्या पेट्रोलात हलवायचं, मग बाकीचं पेट्रोल. टाकीत ओतण्याआधी डबा परत हलवायचा. महिनाभर पडलेलं मिश्रण वापरायचं नाही, आजकालचं पेट्रोल पाणी धरतं. तेल जरा जास्त पडलं तर मशीन धूर ओकेल, प्लग काळा होईल, ताकद कमी लागेल. तेवढा त्रास सोसायचा. माझ्या छातीत आज जे वाजतंय त्यात तो धूरही असेल, मी नाही म्हणत नाही. पण मी चौसष्टाचा झालो. कमी पडलं तर काय होतं ते पुढच्या कलमात आहे.

सात) सिद्रामप्पा. शेजारी, बांधाला बांध लागून. वकीलबाई म्हणाल्या, दुसऱ्याचं नाव मृत्युपत्रात कशाला? मी म्हणालो, त्यांच्यावरचा माझा राग हीही माझी मिळकत आहे, तिची विल्हेवाट लावायला नको?

सिद्रामप्पांसारखा सरळ माणूस या गावात नाही, हे मी रागातही लिहितो. वाटीभर साखर उसनी नेली तर परत आणताना वाटीला शीग लावून आणणार. कुणाचं भांडं कधी रिकामं परत केलं नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात त्यांना धाराशिवला दवाखान्यात जायचं होतं आणि गाडीत पेट्रोल नव्हतं. आम्ही बापलेक रानात होतो. तुळजाबाईनं कोपऱ्यातल्या लोखंडी डब्यातलं पेट्रोल त्यांना दिलं. मिसळलेलं होतं. मोटारसायकलचं त्यानं काही बिघडत नाही, धूर काढत गेली आणि धूर काढत आली. संध्याकाळी ते पंपावरनं बाटली भरून घेऊन आले. तुळजाबाई दारातच होती. म्हणाले, "वहिनी, घेतलं तेवढं परत ओततो. वर थोडं जास्तच हाय." तिनं म्हटलं, "ओता की." आणि त्यांनी ते लोखंडी डब्यात ओतलं.

त्यांच्या लेखी पेट्रोल ते पेट्रोल. तुळजाबाईच्या लेखी उसनं फिटलं. डबा होता तेवढाच भरलेला. बाटलीभर कमी असता तर मी विचारलं असतं. डबा लोखंडी, आतलं पेट्रोल तेलानं हिरवट झालेलं की साधं ते दिसायला मार्ग नव्हता. तळाला जे उरलं होतं त्यातलं तेल एवढ्या पेट्रोलात पसरून पाहिजे त्याच्या चौथाईवर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी पवारांच्या बांधावरची चिंच तोडायची होती. सुरजनं टाकी भरली. पुढची खाच घेतली, मागून काप सुरू केला. मी दोर धरून लांब होतो. निम्म्याच्या वर गेला असेल आणि मशीनचा आवाज चढला, किंचाळल्यासारखा झाला, आणि एकदम गप्प. पिस्टन धरला होता. पट्टी कापात अडकलेली, झाड अर्धं उभं. अशा वेळी मशीन सोडून पळायचं असतं. मशीन मिळते. मी ओरडलो, "सोड ती! सुरज, सोड!" तो म्हणाला, "थांबा आबा, निघतीय." आणि दोन्ही हातांनी ओढत राहिला. वाऱ्याची एक झुळूक आली. झाड पडायच्या बाजूला पडलं नाही, बुंधा मागं त्याच्यावर उसळला.

तो चोवीस वर्षांचा होता. मी याहून जास्त लिहू शकत नाही.

तुळजाबाईचा यात दोष नाही. हे मी तिला तोंडानं शंभरदा सांगितलं, तिला पटत नाही, म्हणून कायद्याच्या कागदावर लिहितो. तिच्या पश्चातही कुणी तसं बोलू नये.

सिद्रामप्पांचाही दोष नाही. हेही मला माहीत आहे. डब्यात काय निघालं ते सगळ्या गावाला कळलं तेव्हा ते माझ्या ओट्याच्या पायरीवर येऊन बसले आणि दिवसभर उठले नाहीत. तेव्हापासून त्यांनी कुणाकडून काही उसनं नेलं नाही, घरात मीठ संपलं तर आळणी जेवतात. माफ करावं म्हणून मी माझ्या मनात पुष्कळ शोधलं. नाही सापडलं. त्यांच्याशी मी बोलतो, चहा देतो, पण त्यांच्याकडं न बघता. हा राग मी कुणाच्या नावावर करत नाही. माझ्याबरोबर जळू द्यावा. साक्षीदार म्हणून सही त्यांचीच घेणार आहे, कारण खोटी सही न करणारा दुसरा माणूस मला ठाऊक नाही.

आठ) सुरजच्या हातात बंद पडलेल्या जुन्या मशीनचा पिस्टन. तुळजाबाईनं तो देव्हाऱ्याशेजारी सुरजच्या फोटोपुढं ठेवला आहे आणि रोज पुसते. तो माझ्या चितेत घालू नये, ॲल्युमिनियम आहे, वितळून राखेत गोळा होईल आणि राख सावडणाऱ्यांना वाटेल काय निघालं. तो जावईबापूंना द्यावा. एका अंगावर उभे ओरखडे आहेत, मांजरानं ओरबाडल्यासारखे. त्यावर बोट फिरवावं. रोज नको, मशीन चालू करायच्या आधी फिरवावं.

नऊ) तर मशीन कुणाला? दिली नाही तर जावईबापू दुसरी घेतील, ती नवीन असेल आणि तिला पहिल्या दिवसापासून "एक, दोन" म्हणून तेल मिळेल. दिली तर मी माझ्या हातानं दिली असं होईल. म्हणून मशीन मंजुषाच्या नावावर करतो. तेल तिनं मोजायचं, डबा तिनं भरायचा, तिनं भरलेल्या डब्याशिवाय मशीन घराबाहेर काढायची नाही. वकीलबाई म्हणाल्या, अशी अट कोर्टात टिकत नाही. मला कोर्टात टिकवायची नाही, तेरच्या घरात टिकवायची आहे, आणि तिथं ती आठवडाभरही टिकेलसं वाटत नाही. दुसरं काही सुचलं नाही म्हणून लिहिली.

दहा) माझ्या चितेला माझ्या हातची बाभूळ रचून ठेवली आहे, न्हाणीमागं. वाळलेली आहे. नवीन झाड पाडू नये, आणि चिंच तर नकोच.

येणेप्रमाणे लिहून पुरं केलं होतं आणि मी सहीची जागा सोडली होती. पण सही व्हायच्या आत आज जे झालं ते याच कागदावर लिहावं लागत आहे. त्याला कलम अकरा समजावं.

अकरा) आज बाजार होता. जावईबापू सकाळीच आले, भरलेला डबा घेऊन बाजारात जाऊन परत आले. सिद्रामप्पांना मी सहीसाठी बोलावलं होतं, ते ओट्यावर बसून हे सगळे कागद वाचत होते. सातवं कलम वाचताना त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि पुढं वाचू लागले. मी आत दुसऱ्या साक्षीदाराची वाट बघत आडवा झालो होतो.

एवढ्यात बाहेरून आवाज आला, "ओतू नका! ओ पाव्हणं, ओतू नका म्हणतो ना!"

सिद्रामप्पांचा एवढा मोठा आवाज मी जन्मात ऐकलेला नाही. भिंत धरत बाहेर आलो. पांढरा डबा अंगणात उघडा होता. जावईबापूंच्या हातात पेट्रोलची बाटली होती आणि ती बाटली, त्यांच्या मनगटासकट, सिद्रामप्पांनी दोन्ही हातांनी धरली होती. कागद सगळे अंगणात पडले होते. म्हातारा सोडत नव्हता.

जावईबापू हसत होते. म्हणाले, "अप्पा, असं काय करताय? सकाळी माझी गाडी बंद पडली म्हणून डब्यातलं घेतलं. घेतलं तेवढं परत ओततोय. वर थोडं जास्तच हाय."

तुळजाबाई दारात उभी होती.

मग मी बोललो. जावयाला तोंडावर बोललो, रीत मोडली. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. पेट्रोल ते पेट्रोल नसतं म्हणालो. माझी पोर तुमच्या फोटोपुढं पिस्टन पुसत बसेल म्हणालो. मध्येच दम लागला, खोकला आला, आणि अर्धं बोलणं खोकण्यातच गेलं. जावईबापू लाल झाले. म्हणाले, "एवढ्याशा पेट्रोलावरनं चार माणसांत माझी इज्जत काढली. ठेवा तुमची मशीन. म्या माझी नवी घेतो, अन् डबाबी माझाच." गाडीला लाथ मारली आणि गेले. नारळही घेतला नाही.

डब्यात निम्म्याच्या वर साधं पेट्रोल पडलं होतं. हिरवट रंग जवळजवळ गेला होता. मी डब्यातलं सगळं उकिरड्यावर ओतायला सांगितलं. सिद्रामप्पांनी ओतलं, डबा उन्हात पालथा घातला, कागद गोळा केले, झटकले, नीट लावले. मग पायरीवर बसून म्हणाले, "बलभीमराव, त्या दिशी माझ्यावर कुणीतरी असं वरडाया पायजे हुतं."

मी म्हणालो, "व्हय अप्पा." सहा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्याकडं बघून बोललो. हे माफ करणं आहे की नुसता थकवा, ते मला सांगता येत नाही. सातव्या कलमातली ओळ मी खोडत नाही, पण राग जळायला आता फारसा उरला नसावा.

मशीन मंजुषाच्या नावावर, तसंच राहू द्यावं. कानशीही तिच्या. पिस्टन जावईबापूंना, त्यांनी घेतला तर. पांढरा डबा आणि मापाचं टोपण सिद्रामप्पांना द्यावं. त्यांच्याकडं मशीन नाही, पण त्यांच्या डब्यात कुणी काही ओतणार नाही.

मंजुषाला आत्ता फोन केला. म्हणाली, "आबा, ते घरी न येता थेट दुकानात गेलेत मशीन घ्यायला." मी म्हणालो, त्यांना सांग, झाकणावर काय लिहिलंय ते वाचा. ती म्हणाली, "सांगते."

ती सांगेल. ते हसतील. बाकी सगळं मी वाटून दिलं, मोजून ओतायची ही भीती मात्र मला त्यांना देता आली नाही. आज अप्पा ओट्यावर होते म्हणून डबा वाचला. तेरच्या ओट्यावर अप्पा नाहीत.

वरील अकरा कलमं मी वाचून, समजून, दम खात खात सही केली आहे.

बलभीम धोंडीबा वाकुरे
(सही)

आमच्यासमोर सही झाली :
१. सिद्रामप्पा, शेजारी, रा. बेंबळी. सगळं वाचलं. खरं आहे. (सही)
२. कृष्णराज लोमटे, निवृत्त शिक्षक, रा. बेंबळी (सही)

ठिकाण : बेंबळी, जि. धाराशिव
दिनांक : १६ मार्च २०२५